पाना गट की वेल्डिंग गट?

सायकल बांधणीच्या स्पर्धेचा फॉर्म भरताना बाकी सगळं पाच मिनिटांत उरकतं. पेन अडतं ते 'गट' या रकान्यापाशी. एका गटात फ्रेम मिळाली तशीच ठेवायची. चाकं, हँडल, सीट, रंग, काय हवं ते बदला, पण कापाकापी नाही आणि जोडाजोडी नाही. दुसऱ्या गटात फ्रेम मोकळी: कापा, लांबवा, वाकवा, उलटी करून वापरा. आमच्यात पहिल्याला पाना गट म्हणतात आणि दुसऱ्याला वेल्डिंग गट. मी दोन्हींत एकेकदा उतरलोय, आधी वेल्डिंगमध्ये, मग पान्यात. बक्षीस कुठेच मिळालं नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा. गेल्या महिन्यात तिघांनी हाच प्रश्न विचारला आणि तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहून काढू.

वेल्डिंग गटाची ओढ मला पुरेपूर कळते. वहीत ओढलेली रेघ जशीच्या तशी सायकलच्या अंगात उतरवता येते, ती फक्त इथेच. ग्रॅम ऑब्री नावाच्या स्कॉटिश गड्याने जुलै 1993 मध्ये नॉर्वेतल्या हामारला तासाभरात 51.596 किलोमीटर मारून जागतिक विक्रम केला, तो स्वतः बांधलेल्या सायकलवर. तिला वरचा दांडाच नव्हता आणि आत वॉशिंग मशीनचे बेअरिंग होते. हे वाचल्यावर मी आमच्या घरच्या वॉशिंग मशीनकडे बराच वेळ पाहत होतो. बायकोने ओळखलं आणि आधीच बजावून ठेवलं.

तर पहिल्या वर्षी मी सव्वीस इंची माउंटन बाइकची लोखंडी फ्रेम कळव्याच्या भंगारवाल्याकडून सातशे रुपयांना उचलली. मनात होती लांबलचक, बुटकी, पाय पुढे टाकून चालवायची सायकल. त्यासाठी चेनस्टे, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारे दोन पाइप, पाच इंचांनी लांबवायचे. इथे पहिला धडा मिळाला तो चेनचा: फ्रेम पाच इंच वाढली की चेन वरून आणि खालून मिळून दहा इंच वाढते, आणि अर्ध्या इंचाला एक कडी या हिशेबाने वीस कड्या जास्त लागतात. एका चेनमध्ये ते भागत नाही. दुसरी आणून तोडून जोडली. हा खर्च कोणी आधी सांगत नाही, पण तो काही फार मोठा नाही.

मोठा खर्च वेळेचा. ठाण्यात राहणाऱ्या माणसाकडे दोन खोल्या आणि एक गॅलरी असते, वेल्डिंग मशीन नसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी ग्राइंडर लावून बघा, सेक्रेटरी चहा सोडून खाली येतात. म्हणजे गाठायचं वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसी. तिथला कारागीर हाताने चांगला असतो, पण त्याचं पोट चालतं गेट, ग्रिल आणि एसीच्या स्टँडवर. माझी फ्रेम एका शेडमध्ये सतरा दिवस ग्रिलच्या मागे टेकून उभी होती. दर दोन दिवसांनी मी जायचो आणि 'कल पक्का' ऐकून परत यायचो. त्याची चूक नव्हती. माझं काम दीड तासाचं आणि त्याच्या दृष्टीने खेळण्याचं.

शिवाय ग्रिलला बसलेला हात सायकलच्या पाइपला जड पडतो. ग्रिलचा चौकोनी बार भरीव असतो; सायकलचा पाइप पोकळ, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. सीओटू वेल्डिंगचा, म्हणजे विजेवर तार वितळवून जोडण्याचा, करंट जरा चढा राहिला की पाइपला भोक पडतं, मग ते भोक बुजवायला आणखी माल, आणखी उष्णता. गॅसवर पितळ ओतून जोडणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण पितळ कमी तापमानाला वितळतं आणि पाइप तितका तापत नाही. पण असे हात आता विचारत विचारत शोधावे लागतात.

सायकल जोडून आली तेव्हा दिसायला मात्र अशी होती की मी स्वतः दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. हे कबूल केलंच पाहिजे. पाना गटातल्या माझ्या सायकलीने मला ते सुख दिलेलं नाही.

मग फ्रेम सरळ आहे का ते बघायला दोरा लावला. ज्यांनी लावला नसेल त्यांनी जरूर लावून पाहावा: मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) शिवणाचा जाड दोरा बांधायचा, पुढे हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून परत दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा, आणि सीटच्या पाइपपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सरळ फ्रेममध्ये ते सारखं येतं. माझ्यात चार मिलिमीटरचा फरक. शेडमध्येच लांब पाइप घालून, दोघांनी जोर लावून तो एकावर आणला आणि मी समाधान मानून घरी आलो.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे माझा कल ठरला. स्पर्धेच्या आठ दिवस आधी सायकलने आवाज करायला सुरुवात केली. टक्. उजवं पेडल खाली जाताना, दर फेऱ्याला एकदा. मोठा नाही, रस्त्यावर गाड्या असल्या तर ऐकूही येत नाही. पण कळव्याहून ऐरोलीकडे जाताना विटाव्याला रेल्वेखालून रस्ता जातो, तिथे खाली उतरून वर चढताना पेडलवर जोर येतो आणि वर छत असतं. तिथे तो आवाज दुप्पट होऊन कानावर यायचा. टक्. टक्.

सायकलवाल्याला आवाज नवा नसतो. मी क्रमाने सगळं केलं. उभं राहून चालवलं, म्हणजे सीटचा संशय गेला. हात सोडून चालवलं, हँडल सुटलं. पेडल बदलली, तरी टक्. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काढून साफ करून परत आवळला, चेनरिंगचे बोल्ट आवळले, जोडलेल्या चेनची प्रत्येक कडी वाकवून पाहिली. शेवटी सायकल भिंतीला टेकवली, ब्रेक दाबून धरला, मुलाला उजव्या पेडलवर उभं केलं आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक बीबीच्या नळीवर (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस जिच्यात फिरतो ती) ठेवलं. तिथेच होता.

बीबीच्या नळीला लागूनच वेल्डिंग झालं होतं. नळी तापली, थंड होताना एका बाजूला खेचली गेली आणि तिची गोलाई गेली. डोळ्यांना दिसत नाही इतकीच. पण आतल्या आट्यांना ते पुरतं: बेअरिंग धरणारा कप एका जागी घट्ट बसतो, दुसऱ्या जागी सैल, आणि जोर आला की इवलासा हलतो. ओलं गोणपाट गुंडाळून वेल्डिंग करायला हवं होतं, जुना कप आत आवळून ठेवायला हवा होता, हे सगळं नंतर कळलं. टॅप फिरवून आटे साफ केले, तर कप आणखी सैल झाला. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळून कप बसवला; आवाज पंधरा दिवस गेला आणि गपचूप परत आला.

तरीही एक कप हलतो म्हणून मी अख्खा गट सोडून दिला नसता. मला खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. जिला कोणी आग लावलेली नाही अशा फ्रेममध्ये टक् झालं तर मी ते कटकट म्हणून सोडून देतो, पुढच्या रविवारी बघू म्हणतो. कापून जोडलेल्या फ्रेममध्ये टक् झालं की ते कपाचं आहे की वेल्डिंगला भेग जातेय, हे चालवताना कळत नाही, आणि वर पावडर कोटिंग असतं, म्हणजे बघूनही कळत नाही. रबाळ्याला कंपनीत असलेल्या एका मित्राने डाय पेनेट्रंटचे, म्हणजे भेग दाखवणाऱ्या रंगाचे, डबे आणले. जोडाच्या जागचा रंग खरवडला, लाल औषध मारलं, थांबलो, पुसलं, वरून पांढरं मारलं. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नाही उमटली. म्हणजे फ्रेम ठीक होती. तरी येऊरच्या डोंगराच्या उतारावर मी त्या सायकलवरून एकदाही ब्रेक पूर्ण सोडले नाहीत. ज्याला हे मनातून काढून टाकता येतं त्याने माझं ऐकू नये. असे लोक आहेत आणि त्यांच्या सायकली छान चालतात.

आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर वेल्डिंग गटाचा विचार चारदा करा. चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर थांबा. सायकलच्या अ‍ॅल्युमिनियमला ताकद येते ती बरीचशी भट्टीतल्या प्रक्रियेने. वेल्डिंगच्या आंचेने जोडाच्या आजूबाजूची ती ताकद उतरते. कारखान्यात वेल्डिंगनंतर फ्रेम परत भट्टीत घालतात. आपल्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडे भट्टी नाही.

दुसऱ्या वर्षी पाना गटात गेलो ते खरं तर या टक्-टक्ला कंटाळून, काही मोठं तत्त्व वगैरे नव्हतं. अठ्ठावीस इंची जुनी घोडा सायकल (दूधवाल्याकडे असते तशी) घेतली, मडगार्ड, कॅरिअर आणि चेनकव्हर उतरवले. उरली ती फ्रेम मी अर्धा तास नुसती बघत बसलो, कारण काय करायचं तेच सुचेना. पाना गटाचा खरा त्रास हा आहे. वेल्डिंगमध्ये आधी चित्र असतं आणि मग लोखंड त्याच्यामागे येतं. इथे लोखंड समोर उभं असतं आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरत राहता. दोन महिन्यांतले पहिले पंचवीस दिवस माझे असेच गेले, आणि घरच्यांना वाटलं छंद सुटला.

पण हळूहळू जागा दिसायला लागतात. मूळ रिमऐवजी रोड सायकलची 700 सी मापाची चाकं घातली तर त्रिज्येत फक्त साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. लांब हाताचे कॅलिपर ब्रेक तेवढं खाली पोचतात, आणि टायरला मिळालेली थोडी जागा सायकलचा तोंडवळाच बदलते. आमच्या नियमात चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मोकळा आहे, म्हणजे पुढे लांब चिमटा लावता येतो. साधारण दोन सेंटिमीटर उंची वाढली की हेडट्यूबचा कोन एक अंशाने कलतो. दोन अंशांत ती घोडा सायकल दूधवाल्याची राहत नाही. दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात मी पातळ प्लायवूडची टाकी बसवली, जुन्या ट्यूबचे तुकडे खाली घालून होज क्लिपने आवळलेली, एकही भोक न पाडता. फ्रेमचा मूळ काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा जशाच्या तशा ठेवल्या. गंजाचे ठिपके तांब्याच्या घासणीने हलकेच काढले आणि वर तेलाचा हात दिला. हे सगळं आमच्या गॅलरीत झालं, रात्री जेवणानंतर, सेक्रेटरींना पत्ता न लागता.

या सायकलनेही आवाज केला. सीटच्या खालून, कुरकुर. अकरा मिनिटांत सापडला, ग्रीस लावलं, संपलं. मी घड्याळ लावलं होतं, मुद्दाम.

आता पाना गटाची वाईट बाजू, आणि ती लहान नाही. इथे भांडणं होतात. वेल्डिंग गटात नियम एवढेच की सायकल चालली पाहिजे आणि ब्रेक लागले पाहिजेत, म्हणून तिथे सगळे एकमेकांना चहा पाजतात. पाना गटात मात्र 'बदल' म्हणजे काय, यावर लोक संध्याकाळ काढतात. माझंच घ्या. जुन्या फ्रेममध्ये मागच्या ड्रॉपआउटमधली जागा 110 मिलिमीटर होती आणि माझं हब (चाकाचा मधला भाग) 120 चं. लोखंड आहे, हाताने फाकवलं, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. एक जण म्हणाला, वाकवलंस म्हणजे बदललंस. दुसरा म्हणाला, चाक बसवताना प्रत्येक मेकॅनिक फाकवतोच की. पहिल्याने बरोबर सांगितलं की मेकॅनिकचं फाकवलेलं परत जागेवर येतं, याचं आलेलं नाही. खरंच आलेलं नव्हतं. शेवटी आग लागलेली नाही, धातू कमी झालेला नाही आणि परत दाबून 110 करता येईल, या तीन कारणांवर मला सोडलं. निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून मला तो पटतो, हेही सांगून ठेवतो.

दुसऱ्या एकाचं नशीब वाईट. त्याने सीटच्या पाइपवरचा हवेचा पंप अडकवायचा खुंट कानशीने घासून काढला होता, का तर त्याची पँट अडकायची. मधाच्या थेंबाएवढा खुंट. पण धातू कमी झाला तो झाला. त्याची ती सरळ साधी सायकल वेल्डिंग गटात ढकलली गेली आणि दिवसभर आठ-आठ फुटी राक्षसांच्या रांगेत आज्ञाधारक मुलासारखी उभी राहिली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून पाना गटात नाव द्यायच्या आधी आयोजकांकडून चार गोष्टी लेखी घ्या: चिमटा फ्रेममध्ये धरतात का, फाकवणं चालतं का, भोक पाडणं किंवा घासणं चालतं का, आणि आधीच्या मालकाने केलेल्या डागडुजीचं काय. चौथा प्रश्न लोक विसरतात. भंगारातल्या दर तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला कुठेतरी जुना टाका असतोच, निदान माझ्या पाहण्यात तरी, आणि तो तुम्ही घातला नाही हे सिद्ध कसं करणार? घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

ही रेघ कुठे मारायची याचं भांडण आपल्यापुरतं नाही, एवढं समाधान माना. ऑब्रीची हात छातीखाली दुमडून बसायची पद्धत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 1994 मध्ये बंद केली. पुढे 2000 मध्ये त्यांनी एका तासाच्या विक्रमाचेच दोन भाग केले: एक बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या 1972 च्या सायकलीसारख्या साध्या सायकलवरचा, दुसरा बाकी सगळ्या करामतींचा. चौदा वर्षांनी, 2014 मध्ये, ते परत एक केले. माउंटन बाइकचा जन्मही असाच दोन्हीकडचा. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत पोरांनी सत्तरच्या दशकात श्विन कंपनीच्या जुन्या फ्रेम उचलल्या आणि त्यांवर गिअर, ड्रम ब्रेक असं मिळेल ते चढवलं, म्हणजे आपला पाना गटच; आणि त्या फ्रेमकडून व्हायचं तेवढं झाल्यावर 1977 मध्ये जो ब्रीझ नावाच्या माणसाने नवीच फ्रेम बांधली. आधी कोण आणि मग कोण, हा क्रम मी वेल्डिंगवाल्या मित्रांना ऐकवत असतो. ते म्हणतात, शेवटी बांधलीच ना? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग कोणी कुठे जावं? तुम्ही स्वतः वेल्डिंग करत असाल, किंवा घरात कोणी करत असेल, तर माझे वरचे निम्मे परिच्छेद तुमच्यासाठी नाहीतच. सरळ मोकळ्या गटात जा. सहा फुटांच्या वर उंची असेल आणि भंगारात मापाची फ्रेम मिळत नसेल तरीही. तुम्हाला सायकल फक्त त्या दिवशी मिरवायची असेल आणि नंतर गॅलरीत टांगायची असेल, तर टक्-टक् तुम्हाला ऐकूच येणार नाही, आणि फोटोत वेल्डिंगवालीच भारी दिसते, वाद नाही. पण सोमवारी त्याच सायकलने स्टेशन गाठायचं असेल, पहिलीच वेळ असेल, आणि पावसाळ्याआधी काम संपवायचं असेल, तर माझ्या मते पाना. जोडलेल्या पाइपमध्ये पाणी शिरलं की आपल्याकडच्या पावसात आतून काय होतं ते बाहेरून दिसत नाही, हा आणखी एक मुद्दा, पण तो मी अनुभवाने नाही, भीतीने मांडतोय.

घरातली जुनी सायकल असेल तर प्रश्नच मिटला. आमच्यातला एक जण आजोबांची सायकल मधोमध कापायला घेऊन गेला होता. वेल्डरने ती उलटसुलट करून पाहिली, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, दुसरी घेऊन ये, पैसे कमी लावतो." पोरगा परत आला. पुढे तीच सायकल पाना गटात लावली, घंटीसकट.

माझी टक्-टक्वाली आता कोपरीत एका कॉलेजच्या मुलाकडे आहे. देताना मी सगळं सांगितलं, डाय पेनेट्रंटचे फोटोही दाखवले. तो म्हणाला, काका, मी कानात गाणी लावून चालवतो. ती काढून ठेव एवढं मात्र त्याला निक्षून सांगितलं.

यंदा मी परत पाना गटात नाव दिलंय. कळव्याच्या भंगारवाल्याने डबल दांड्याची एक फ्रेम बाजूला ठेवलीये म्हणतो. शनिवारी संध्याकाळी बघायला जातोय. खिशात चुंबक, दोरा आणि फोनचा कॅमेरा.